झालं म्हणा, बाई

१

माझ्या घरगाडीचा एकही स्क्रू मी कधी फिरवला नाही, आणि त्याची मला लाज वाटत नाही. "चालवता येते तं दुरुस्त काऊन नाही करत?" असं मला प्रत्येक गावातला कुणी ना कुणी म्हातारा विचारतो. मी विचारते, "तुम्ही धोतर नेसता, ते स्वतः विणता का?" मग बायका पदराआड हसतात.

गाडी मुळात टेकचंदमामाची. मामा जंगलाचे ठेके घ्यायचा. लढाई संपल्यावर पलटणीची एक रुग्णगाडी लिलावात निघाली, ती त्याने उचलली. आत घडीची खाट, फळ्या, स्टोव्हसाठी पत्र्याचा खण, पाण्याची टाकी असं सगळं सुताराकडून बसवून घेतलं आणि वर्षातले आठ महिने तो तिच्यातच राहायला लागला. मला चालवायला त्यानेच शिकवलं. मरताना गाडी माझ्या नावावर केली. नागपुरात बी. ए. झालेली मुलगी गाडीत राहून गावोगाव बायकांना अक्षरं शिकवणार, हे ऐकून आमच्या आमगावच्या घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. शेवटी बाबूजींनी अट घातली. ज्या दिवशी गाडी बंद पडेल त्या दिवशी घरी यायचं, आणि ते दाखवतील त्या मुलाशी लग्न करायचं. मी लगेच हो म्हटलं. गाडी बंद पडू द्यायची नाही, एवढंच मला करायचं होतं.

म्हणून मुर्रीचा शालीकराम मिस्त्री मला देवापेक्षा महत्त्वाचा. पण त्याच्या कामाची पद्धत अशी की डोकं फिरावं. तो मालकाला समोर बसवायचा. एकेक भाग काढून दाखवायचा, "हे खराब आहे, काढू का?" असं विचारायचा. काढलेला जुना भाग रॉकेलने पुसून गाडीच्या पायरीवर एका फडक्यावर मांडायचा. आणि सगळं आटोपलं की हत्यारं हातात धरून उभा राहायचा.

"झालं म्हणा, बाई."

"झालंच आहे की. दिसतंय ना."

"तसं नाही. तोंडानं म्हणा. त्याबिगर मी हत्यारं झाकत नाही."

मी दरवेळी म्हणायचे, आणि दरवेळी मनात चडफडायचे.

अठ्ठावन्न सालच्या थंडीतली गोष्ट. सकाळी मी त्याच्या शेडसमोर गाडी उभी केली आणि माझे वर्ग चालवणाऱ्या साक्षरता समितीच्या कचेरीतून पाट्या आणायला गेले. परत आले तेव्हा गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. खालून टोक टोक चाललं होतं. मला दुपारच्या आत चोरखमाऱ्याला पोचायचं होतं. त्या पायांशी उभी राहून मी म्हटलं, "मिस्त्री, आज बसवून ठेवू नका. जे जे खराब असेल ते काढा, चांगलं बसवा. मला विचारू नका, दाखवू नका."

पाय काही बोलले नाहीत. दोन्ही अंगठे एकाच बाजूला होते. पायावर पाय टाकला असेल, असं मला वाटलं.

थोड्या वेळाने आवाज थांबला. मी पाट्या आत रचून खाली उतरले तर पाय नव्हते. मिस्त्रीही दिसला नाही. पायरीवर फडकं होतं, त्यावर नळीचा एक फाटका तुकडा. मी फडक्यासकट तो हत्यारांच्या पेटीत कोंबला. इंजिन पहिल्याच फिरकीला सुरू झालं. कुणाला काही न म्हणता मी निघाले.

२

चोरखमाऱ्याला तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, गावाबाहेर गाडी लावली. धान कापून झालं होतं. बांध्यांत, धानाच्या वाफ्यांत, नुसते खुंट उरले होते आणि पाणी दूरपर्यंत हलत नव्हतं. दुपारी बायका येत. रुख्मा सगळ्यांत पुढे बसायची. तीन मुलांची आई, पण पाटीवर 'र' काढताना जीभ बाहेर काढायची. दिवस कलला की बायका चुलीकडे पळायच्या. मग दुसऱ्या दुपारपर्यंत मी एकाही माणसाशी बोलत नसे. स्टोव्ह पेटवायचा, भात खायचा, कंदील लावून वाचायचं. कधीकधी नुसता आपला आवाज ऐकायला म्हणून मी वर्गाची हजेरी मोठ्याने वाचत असे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं आणि ते वाजलं नाही.

ते दार मामाच्या काळापासून कण्हत आलं होतं. मी दोनदा उघडबंद केलं. आवाज नाही. पायरीवर फडकं पसरलेलं होतं आणि त्यावर बिजागरीची झिजलेली खीळ, स्वच्छ पुसून ठेवलेली.

मी स्वतःला समजावलं. मिस्त्रीने त्या दिवशीच बदलली असेल, माझ्या आज लक्षात आलं. पण फडकं मी पेटीत टाकलं होतं. मी पेटी उघडली. त्यात फडकं नव्हतं.

दोन दिवसांनी खाटेचा पट्टा. तो उसवत आला होता, मी रोज गाठ मारत होते. सकाळी उठले तर पाठीखाली नवा पट्टा, ताणून बसवलेला, आणि जुना पायरीवर वेटोळं करून ठेवलेला. मी रात्रभर त्याच खाटेवर झोपले होते.

दुपारी मी रुख्माला म्हटलं, "तुमच्या गावचा लोहार फार सज्जन दिसतो. न सांगता कामं करून जातो."

"आमच्या गावात कुठचा लोहार, बाई? नांगराच्या फाळाले धार लावाले बी आमी तिरोड्याले जातो." तिने पाटी पुसली आणि सहज म्हणाली, "तुमचा मिस्त्री आहे ना संग? तो करत असंन."

"माझा मिस्त्री?"

"गाडीखाली राह्यते तो. पाय दिसतेत. काल आमी 'घर' लिहून राहिलो होतो तवा बी होता." मग हसून, "बिचाऱ्याले च्या तरी देत जा."

बाकीच्या बायकाही हसल्या. त्यांच्या दृष्टीने त्यात नवल काही नव्हतं. बाईची गाडी, बाईचा माणूस.

त्या गेल्यावर मी वाकून बघितलं. खाली कुणी नव्हतं. धुळीत माणूस निजल्यावर पडतो तसा एक लांबट, गुळगुळीत खळगा होता.

३

मी तर्काने चालणारी बाई आहे. मी दाराला आतून कडी घातली, कडीला सुतळी बांधली, खळग्यावर राख पसरली. सकाळी सुतळी तशीच, राख तशीच.

आणि माझा चष्मा दुरुस्त झालेला.

त्याची दांडी वर्षभर तुटलेली होती, मी काळ्या दोऱ्याने बांधून वापरत होते. तो उशीखाली ठेवून झोपायची मला सवय. सकाळी डोळ्यांवर चढवला तर कानामागे दोरा टोचला नाही. दांडीला पितळेची इवलीशी खीळ बसवली होती. दोरा पायरीवर होता. फडक्याच्या मधोमध, सरळ केलेला.

चष्मा गाडीचा भाग नव्हता. ते वाक्य मी त्या दिवशी मनात किती वेळा म्हटलं सांगता येणार नाही.

निघून जावं असं वाटलं. पण कुठे? समितीला सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी मला कामावरून काढलं असतं, डोक्यावर परिणाम झाला म्हणून. घरी सांगितलं असतं तर तिथे वरमाला तयारच होती. मी गप्प राहिले. आणि खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते. दोरा हातात घेऊन मी पायरीवर बराच वेळ बसले होते. भीती होतीच. पण दोन वर्षांत माझं काय मोडलंय ते कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं.

४

माझं डावं मनगट वाकडं आहे. होतं.

नऊ वर्षांची असताना मी जांभळीवरून पडले. मामा म्हणत होता, गोंदियाला दवाखान्यात नेऊ. बाबूजी म्हणाले, पोरीच्या हातासाठी कापणी सोडून कोण जाईल. गावातल्या माणसाने हाड बसवलं, ते वाकडं बसलं. मनगट आतल्या बाजूला वळलेलं, वर एक टेंगूळ. भरलेली बादली मला त्या हाताने कधी उचलता आली नाही. पण घरातल्या प्रत्येक भांडणात तो हात माझ्या उपयोगी पडला. कॉलेजला जायचं होतं तेव्हा, पहिला मुलगा नाकारला तेव्हा, गाडी घेतली तेव्हा. मी तो हात बाबूजींपुढे धरायचे. "माझ्या बऱ्याचं तुम्ही ठरवलंत की काय होतं ते बघा." बाबूजी मान वळवायचे. तिथे मी जिंकायचे.

चष्म्यानंतर चौथ्या सकाळी मी तलावावरून पाणी आणलं. गाडीपर्यंत आल्यावर लक्षात आलं, बादली डाव्या हातात आहे. आणि दुखत नाहीये.

मी बादली खाली ठेवली. मनगट सरळ होतं. टेंगूळ नव्हतं. कातडीवर ओरखडाही नव्हता.

पायरीवर फडकं होतं, चारी कोपरे नीट ओढलेले. त्यावर काही नव्हतं. पहिल्यांदाच जुना भाग परत आला नव्हता. मी पायरीखाली पाहिलं, गवतात पाहिलं. काय सापडावं अशी माझी अपेक्षा होती, ते मला आजही लिहवत नाही.

त्याच दुपारी बाबूजी आले. वर्ग चालू होता. त्यांना बघून बायका पदर सावरून उठल्या आणि निघून गेल्या. बाबूजींनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं.

"कोन होय तो?"

"कोण?"

"भागीरथा, मले शिकवू नको. आमगावपर्यंत बातमी आली. गाडीखाली मानूस ठेवला मनतेत लोक."

"बघा वाकून. सापडला तर घेऊन जा."

ते खरंच वाकले. हात टेकून, धापा टाकत, चारी चाकांमधून पाहिलं. "खाली तं काही नाही," ते म्हणाले, आणि त्यांना जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. "मंग लोक कायले बोलतेत? पोरी, आता पुरे झालं. सोमवारी गाडी आमगावले आन. मुलाकडचे येऊन राहिले."

"गाडी बंद पडलेली नाही. अट काय होती?"

"अट गेली चुलीत! तुह्या बऱ्यासाठीच सांगून राहिलो."

मी चिडले की पुस्तकी बोलते. "माझ्या बऱ्याचं तुम्ही ठरवलंत की काय होतं ते बघा," मी म्हटलं, आणि सवयीने डावा हात त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी मान वळवली नाही. हाताकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे.

"काय झालं हाताले?"

"मोडला होता. तुम्ही दवाखान्यात नेला नाही."

"कोनाचा?"

"माझा! जांभळीवरून पडले होते. नऊ वर्षांची होते. मामा भांडला होता तुमच्याशी."

"तू तं कधी झाडावर चढलीच नाहीस, भागीरथा." बाबूजींचा आवाज उतरला होता. खोटं बोलताना ते मिशी चाचपतात, मला ठाऊक आहे. त्यांचे हात पागोट्यावर स्थिर होते. "तू भित्री होतीस. बैलाले भ्यायचीस. मोडला असता तं मी नेला नसता का तुले?"

त्यांनी माझं मनगट हातात घेतलं, आजाऱ्याचं घेतात तसं, आणि दाबून पाहिलं. मला ओरडायचं होतं. पण कशाच्या जोरावर?

जाताना ते पुन्हा म्हणाले, "सोमवारी." या वेळी त्यात राग नव्हता. काळजी होती. मला ती रागापेक्षा वाईट वाटली.

५

दुसऱ्या दिवशी मी मुर्रीला गेले. शालीकराम शेडमध्ये एका मोटारीचं चाक काढत होता. मी त्याच्यापुढे फडकं टाकलं.

"मिस्त्री, हे तुमचंच ना?"

त्याने उलटसुलट करून पाहिलं. "माह्यासारखंच आहे. पन माहं नोहे."

"त्या दिवशी तुम्ही माझ्या गाडीखाली काम करत होता तेव्हा..."

"कोनत्या दिवशी?"

मी दिवस सांगितला.

"त्या दिवशी मी लेकीकडं गेल्तो, बाई. सांजेले आलो. मानसं बोलली, तुमची गाडी शेडपुढं उभी होती मनून. मनलं, घाईत असंन, गेली असंन दुसऱ्याकडं. मले रागच आला जरा."

"मग खाली कोण होतं? तुमच्याकडे दुसरं कुणी काम करतं?"

"मी एकटाच आहो." तो चाक सोडून उठला. माझ्या गाडीकडे पाहिलं, पण तिच्याकडे एक पाऊलही टाकलं नाही. "तुमी कायी बोलल्या का त्याले?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द. जे जे खराब असेल ते काढा. मला विचारू नका.

शालीकरामने हात पुसले. पुसायचं काही उरलं नाही तरी पुसत राहिला. मग त्याने एकेक करून आपली सगळी हत्यारं गोणपाटाखाली झाकली, भर दुपारी, चाक तसंच अर्धवट ठेवून.

"तुमाले वाटे म्हातारा उगाच टाइम खाते. खराब काय हे आमाले नाही ठरवता येत, बाई. मालकानं ठरवाचं. मनून त्याले समोर बसवाचं. आन तो झालं मनते तवा आमचा हात थांबते."

"ठीक आहे. झालं! झालं, झालं. बस?"

"मले मनून काय फायदा? ज्याले काम देल्लं त्याले मना."

मी गाडीकडे वळले आणि परत फिरले. "मिस्त्री, तुम्ही मला दोन वर्षं पाहताय. माझं हे मनगट वाकडं होतं ना? तुम्हीच म्हणाला होता, गेअर टाकताना त्रास होत असेल, आणि माझ्या हाताला बसेल अशी मूठ दांड्याला लावून दिली होती."

त्याने मनगटाकडे पाहिलं. त्याला हो म्हणायचं होतं, माझ्या तोंडाकडे बघून त्याला दया आली होती. पण म्हातारा खोटं बोलेना.

"मले याद नाही, बाई."

मी गाडीत चढून गेअरचा दांडा पाहिला. मूठ नव्हती. तिच्या जागी साधा, गोल, कुणालाही चालेल असा लट्टू होता.

६

चोरखमाऱ्याला पोचले तेव्हा ऊन पाळीवर तिरपं पडलं होतं. गाडी नेहमीच्या जागी लावली. त्या दिवशी वर्ग नव्हता. तलावात एक बगळा होता, तोही माझ्यादेखत उडून गेला.

मी स्टोव्ह पेटवला नाही. खाली उतरून गाडीला टेकून उभी राहिले आणि काय म्हणायचं ते मनात जुळवलं. एकच शब्द होता. तो म्हणायचा, सोमवारी आमगावला जायचं की नाही ते मग माझं मी ठरवायचं. डोकं ताळ्यावर आहे हे स्वतःला दाखवायचं.

टोक टोक सुरू झालं.

मी गाडीला वळसा घालून गेले. पाय होते. उन्हात, अगदी स्पष्ट, टाचा धुळीत रुतलेल्या. आता मी नीट पाहिलं. पायावर पाय टाकलेला नव्हता. दोन्ही पाय डावेच होते. एक लहान होता, एक मोठा. मोठ्याच्या टाचेला जुन्या भेगा होत्या, लहानाच्या तळव्याला एकही नाही.

मी जमिनीवर बसले.

"मिस्त्री," मी म्हटलं.

आवाज थांबला.

मी तोंड उघडलं. त्याच वेळी गाडीच्या कडेखालून एक हात बाहेर आला. पान्हा मागताना मिस्त्री करतात तसा, तळवा वर करून. काळा तेलकट डावा हात. बोटं वाट बघत जराशी हलली.

मनगट आतल्या बाजूला वळलेलं होतं. त्यावर एक टेंगूळ होतं. उन्हात त्याची सावली पडली होती, आणि ती सावली मी सतरा वर्षं रोज पाहिली होती, पाटीवर, वहीवर, परीक्षेच्या कागदावर.

शब्द माझ्या जिभेवर होता. तो म्हटला असता तर हात आत गेला असता. पाय गेले असते. काम संपलं असतं. मग मी सरळ हाताची, कधीच झाडावर न चढलेली, बैलाला भिणारी मुलगी म्हणून आमगावला जेवायला बसले असते, आणि तसं नव्हतं हे सांगणारं जगात काही उरलं नसतं.

मी किती वेळ बसले माहीत नाही. हात तसाच होता. थकला नाही, मागे गेला नाही. एवढा धीर माझ्यासाठी कधी कुणी धरला नव्हता.

पेटी पायरीखालीच होती. मी झाकण उघडलं. आत मामाची हत्यारं गंजत पडलेली. कुठलं कशासाठी असतं ते मला आजही कळत नाही. त्यातला एक पान्हा मी उचलला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि त्या तळव्यावर ठेवला.

बोटं मिटली. माझ्या बोटांना लागली तेव्हा ती गरम होती.

मग हात आत गेला आणि टोक टोक पुन्हा सुरू झालं. मी पायरीवर जाऊन बसले. फडकं बाजूला सारून, मांडीवर हात ठेवून, शालीकराम बसवायचा तशी, समोर बघत.

सोमवार कधीच उलटून गेला आहे. झालं, असं मी अजून म्हटलेलं नाही.